तृणधान्याच्या पानाची जाडी मोजण्याची आणि तिचा अर्थ लावण्याची रीत

गहू, भात, मका किंवा ज्वारी यांचे पान हाताला जाड लागले की पीक जोमात आहे, असे मानण्याची घाई करू नये. भरपूर उन्हात वाढलेले पान जाड होते हे खरे. पण वाढीच्या काळात पाण्याचा ताण पडला तरी पाते आखूड, अरुंद आणि जाड राहते. त्यामुळे जाडी कधीही एकटी मोजू नये, सोबत लांबी-रुंदीही घ्यावी.

मोजणी सकाळी, पाने ताठ असताना करावी. ज्याचे पाते आणि खोडाला वेढणारे आवरण यांचा सांधा दिसू लागला आहे, असे सर्वांत वरचे पान निवडावे आणि वेगवेगळ्या झाडांची निदान दहा पाने घ्यावीत. मक्याच्या पात्याची लांबी, कमाल रुंदी आणि ०.७५ यांचा गुणाकार म्हणजे ढोबळ क्षेत्रफळ. नंतर वजन घटायचे थांबेपर्यंत पाती ६५ ते ७० अंश सेल्सिअसला वाळवावीत. समजा, पाते ६० सेंमी लांब, ८ सेंमी रुंद आणि वाळल्यावर १.८ ग्रॅम भरले, तर ३६० चौरस सेंमी भागिले १.८, म्हणजे ग्रॅममागे २०० चौरस सेंमी. हा आकडा जितका मोठा तितके पान सामान्यतः पातळ. मात्र त्यात जाडीबरोबर घनताही मिसळलेली असते. निव्वळ जाडी हवी असल्यास मध्यशीर टाळून मायक्रोमीटर (सूक्ष्म जाडी मोजण्याचे उपकरण) लावावा.

पाते बुडाकडून वाढते. गव्हाचा वाढबिंदू, म्हणजे नवी पाने जिथून निघतात ते खोडाचे टोक, कांडी धरेपर्यंत (खोड लांबू लागेपर्यंत) जमिनीखालीच असल्याने तोवर पान वाढण्याचा वेग मातीच्या तापमानावर बराच अवलंबून असतो. पाणी कमी पडले की पान कोमेजण्याआधीच त्याचे लांबणे मंदावते. म्हणून सुरुवातीच्या अवस्थेत नवे पान आधीच्यापेक्षा आखूड निघाले, तर ते लांबत असताना काय घडले ते शोधावे. गव्हाचे शेवटचे पान किंवा मक्याच्या कणसावरची पाने लहान असणे स्वाभाविकच आहे.

नत्र कमी असेल तर पाने लहान राहतात आणि जुन्या पानांचा पिवळेपणा शेंड्यापासून सुरू होतो. नत्र जास्त झाल्यास पाने रुंद व लुसलुशीत होऊन खालच्या पानांवर सावली धरतात. दाट पेरणीतही हीच सावली पानांना पातळ करते, तेव्हा खत वाढवण्याआधी रोपांतील अंतर तपासावे.

पूर्ण उघडलेल्या पात्याची लांबी-रुंदी पुढे वाढत नाही, त्यामुळे केलेल्या उपायाचा परिणाम त्यानंतर उघडणाऱ्या पानांवरच मोजावा.