पावसाळ्यात जटा आतून सुकवा
कोकणात ड्रेडलॉक्स सुरू करायचे असतील तर पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरनंतर करा. जटा घट्ट बसायला काही महिने लागतात, जूनपर्यंत तेवढा वेळ मिळतो. पावसाळ्यात इथली हवाच दमट. जट बाहेरून सुकल्यासारखी वाटते, पण गाभ्यात पाणी राहतं. तशीच बांधून झोपलात तर आत बुरशी धरते, आणि तो कुबट वास मग धुऊनही सहज जात नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, तेही सकाळीच डोकं धुवा. सुती पंच्याने एकेक जट मुळापासून टोकापर्यंत पिळा, पंख्याखाली मोकळी सोडा. दाबून पाहताना गार लागली तर ती अजून ओली आहे, ड्रायर फिरवा.

खोबरेल चोपडायची आपली सवय मात्र सोडावी लागते. जिवावर येतं, पण तेल आणि मेण जटेत अडकतं, धूळ धरतं. टाळू कोरडी पडली तर दोन थेंब बोटाने फक्त कातडीला लावा. समुद्रात डुंबलात तर घरी येऊन गोड्या पाण्याने मीठ-वाळू नीट काढा. मुळाशी वाढलेले केस तळहातांत हलकेच वळा, ओढू नका.