लायसन ऑनलाइन रिन्यू करताय? आधी नोंद सापडते का ते बघा

'पाच मिनिटांत लायसन रिन्यू' असं सांगणाऱ्यांनी जुनं पुस्तकी लायसन कधी हाताळलेलं नसतं. घरातली, शेजारची, सोसायटीतली मिळून बरीच ड्रायव्हिंग लायसनं मी सरकारच्या 'सारथी' पोर्टलवरून रिन्यू करून दिली आहेत. स्मार्ट कार्ड असेल तर अर्ज खरोखर एका बैठकीत होतो. पुस्तिका असेल तर पहिल्याच पानावर अडकायला होतं.

आधी तारीख. २०१९च्या कायदादुरुस्तीनंतर मुदत संपण्याआधी एक वर्ष ते संपल्यानंतर एक वर्ष, या काळात अर्ज करता येतो. ते नंतरचं वर्ष अर्जासाठी आहे, गाडी चालवण्यासाठी नाही! पूर्वी तीस दिवसांची सवलत होती, तीही याच दुरुस्तीत गेली. मुदत संपली की त्या दिवसापासून गाडी घरी ठेवा. वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

पोर्टलवर महाराष्ट्र निवडा, नूतनीकरणाच्या पर्यायात जा आणि लायसन नंबर व जन्मतारीख टाका. माझं घोडं अडलं ते इथेच. मामांच्या पुस्तिकेवर निळ्या शाईत नुसता चार आकडी क्रमांक आणि शेजारी वर्ष होतं. तो जसाच्या तसा टाकून मी दोन संध्याकाळी घालवल्या, दर वेळी 'माहिती उपलब्ध नाही'. नंबर पंधरा अक्षरांचा लागतो: एमएच, आरटीओचा दोन आकडी कोड, चार आकडी वर्ष आणि सात आकडी क्रमांक. क्रमांक लहान असेल तर पुढे शून्यं लावून सात आकडे भरायचे. म्हणजे पुण्याचं १९९८ सालचं ४५२१ नंबरचं लायसन असेल, तर एमएच१२, मग एक मोकळी जागा, मग १९९८०००४५२१.

तरीही सापडलं नाही, तर तुमची नोंद संगणकावर चढलेलीच नाही. मग वेबसाइटशी झटापट करू नका आणि एजंटला पैसेही देऊ नका. मूळ पुस्तिका घेऊन, ज्या आरटीओने लायसन दिलं तिथे जा आणि 'बॅकलॉग एंट्री करायची आहे' असं नेमक्या शब्दांत सांगा. जुन्या रजिस्टरशी ताडून ते नोंद चढवतात. पुस्तिकेच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स सोबत ठेवा.

आणि नोंद झाली म्हणून लगेच उठू नका. स्क्रीनवरची नोंद स्वतः वाचा. मामांच्या नोंदीत मोटारसायकल आली आणि कार राहून गेली. मी घरी येऊन पाहिलं, मग दुरुस्तीसाठी पुन्हा अख्खा दिवस मोडला. नाव, जन्मतारीख, वाहनांचे प्रकार आणि चालू मोबाइल नंबर, एवढं तिथेच तपासा. ओटीपी त्याच मोबाइलवर येतो.

पुढचं सोपं आहे. वय चाळिशीच्या आत असेल तर फॉर्म १, म्हणजे स्वतःचं घोषणापत्र. चाळीस पूर्ण असतील तर फॉर्म १ए, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. त्यात पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, असा प्रश्न असतो. न तपासता सही देणारा डॉक्टर कृपा करून शोधू नका. रस्त्यावर दुसऱ्यांची मुलंही असतात. चष्म्याचा नंबर बदलला असेल तर आधी नवा चष्मा करून घ्या.

ओळख पटवताना आधारचा पर्याय घ्या, म्हणजे बहुतेक वेळा आरटीओत जावं लागत नाही. लायसनवरचं आणि आधारवरचं नाव मात्र जुळायला हवं. फी: नूतनीकरणाचे २०० रुपये, स्मार्ट कार्डचे २००. पावती आणि अर्ज क्रमांक सेव्ह करा.

कार्ड पोस्टाने घरी येतं. म्हणून घर बदललं असेल तर त्याच अर्जात पत्ताबदलही निवडा, नाहीतर नवं कार्ड जुन्या घरी जाईल.