चार गाड्या म्हणजे किती? तिमाही उत्पादनाची वही लिहिताना या चुका टाळा

कडेगाव तालुक्यातल्या आमच्या शेतकरी गटाची वही मी लिहितो. आलं, हळद, भाजीपाला, थोडी द्राक्षं, एकदोघांची रताळी. दर तीन महिन्यांनी कुणाचं काय किती निघालं ते एका पानावर आणायचं, एवढंच काम. पहिल्याच तिमाहीत मी आल्याचा आकडा तिप्पट लिहिला, आणि पुण्याच्या एका खरेदीदाराला तेवढा माल देऊ म्हणून फोनही करून बसलो.

झालं असं, की बांधावर अण्णांना विचारलं, "अण्णा, आलं किती निघालं?"

"चार गाड्या गेल्या की."

माझ्या डोळ्यांपुढं पिकअप आली. एकीत दीड टन धरला, चारांचे सहा टन. अण्णांची गाडी मात्र व्यापाऱ्याच्या तोंडातली. सातारा-कोरेगाव पट्ट्यात आणि आमच्याकडंही आल्याचा दर गाडीवर बोलतात, आणि ती गाडी ५०० किलोची. तिला चाकं नसतात. चार गाड्या म्हणजे दोन टन. खरेदीदाराला परत फोन करताना काय वाटलं ते सांगत नाही.

माप विचारल्याशिवाय आकडा लिहू नका

तेव्हापासून वहीत 'गाडी', 'कॅरेट', 'पेटी' असं लिहिलेलं असलं की शेजारी किलो लिहिल्याशिवाय पान उलटत नाही. टोमॅटोचं कॅरेट कुणाचं २० किलोचं, कुणाचं २५ चं. काट्यावर ठेवलं की रिकाम्या कॅरेटचं वजनही त्यात येतं, ते वजा करायचं राहून जातं. बेदाण्याचा बॉक्स १५ किलोचा, पण चार किलो द्राक्षं सुकली की साधारण एक किलो बेदाणा होतो. एकाची ताजी द्राक्षं आणि दुसऱ्याचा बेदाणा एकाच रकान्यात मांडला, तर बेदाणावाल्याची बाग बसली असंच कुणालाही वाटेल.

कोथिंबीर-मेथीचं सगळ्यात अवघड. ती शेकड्यानं जाते, आणि पावसाळ्यातली जुडी नि एप्रिलमधली जुडी यांत मुळीच मेळ नाही. मी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ढिगातून डोळे मिटून दहा जुड्या उचलतो, काट्यावर ठेवतो आणि त्या महिन्याचं जुडीचं वजन तेच धरतो. याहून सोपी युक्ती मला सापडली नाही.

"एका तोड्याला बारा कॅरेट निघतात"

वांगी, भेंडी, दोडका, मिरची यांचा एकच तोडा होत नाही, महिनोन्‌महिने चालतो. तिमाही संपल्यावर विचाराल तर शेतकरी सगळ्यात चांगला तोडा सांगतो. खोटं बोलत नाही, आठवणीत तोच राहिलेला असतो. मग आपण तोड्यांची संख्या विचारतो, गुणाकार करतो आणि फसतो.

एका वांग्याच्या प्लॉटचे दहा तोडे असे धरा: ३, ५, ८, १२, १२, ११, ९, ६, ४, २ कॅरेट. बेरीज ७२. बारा गुणिले दहा केलंत तर १२०. दोन्हींच्या मधली ४८ कॅरेट वांगी कधी झाडाला लागलीच नव्हती. आडत्याची पट्टी, म्हणजे माल विकल्यावर तो देतो ती हिशेबाची पावती, हा यावर एकच उतारा. पट्ट्या ट्रॅक्टरच्या सीटखाली, औषधाच्या खोक्यात, कपाटातल्या लग्नपत्रिकांमध्ये असतात. त्या तिथून बाहेर काढायच्या, तिमाही संपायच्या आधी. एका वहिनींनी तर पट्ट्यांची सुतळीत माळ करून दाराला टांगली आहे, नवी पट्टी आली की खालून ओवायची. गटातली सगळ्यात नीट नोंद त्यांचीच.

पट्टीतही एक खोच आहे. तिच्यावर विकलेला माल असतो, निघालेला नाही. बाद म्हणून बांधावर टाकलेला, पाहुण्यांना वाटलेला, गोठ्यात गेलेला माल तिच्यात नसतो. भाव पडला की मेथीवर नांगर फिरवतात, ती तर कुठल्याच कागदावर येत नाही. हे सगळं वेगळ्या रकान्यात लिहा, विक्रीत मिसळू नका.

हळद कुठल्या तिमाहीची?

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे. मे-जूनमध्ये लावलेली हळद साधारण नऊ महिन्यांनी, जानेवारी ते मार्चमध्ये निघते. मग शिजवायची, उन्हात वाळवायची, पॉलिश करायची. सांगलीच्या बाजारात ती एप्रिलमध्येही जाते आणि भावाची वाट बघत दिवाळीपर्यंत घरातही बसते. विक्रीच्या तारखेनं नोंद केली, तर जानेवारी-मार्च कोरा दिसतो आणि ज्या महिन्यांत शेतात हळदीचं हिरवं पान आहे त्या महिन्यांत उत्पादन दिसतं.

म्हणून नोंद काढणीच्या तारखेची. पण काढणीला ओली हळद कोण तोलतं? कुणीच नाही. आम्ही असं करतो: कुकरच्या एका ड्रममध्ये किती ओली हळद बसते ते एकदा काट्यावर बघून घेतलं, आता फक्त ड्रम मोजतो. ओल्या शंभर किलोची वाळून वीस ते पंचवीस किलो होते. जात कुठली, किती शिजवली, ऊन कसं लागलं यावर ते खालीवर होतं. त्यामुळं 'ओली' आणि 'वाळलेली' हे दोन रकाने कायम वेगळे. एका भावाची ओली आणि दुसऱ्याची वाळलेली शेजारीशेजारी लिहिलीत, तर घरात भांडणं लागतील.

आल्याची तऱ्हा आणखी न्यारी. दर नसला तर ते काढतच नाहीत, जमिनीतच ठेवतात. अर्धा प्लॉट मार्चमध्ये निघतो, उरलेला पावसाळ्यात. मार्चच्या नोंदीत सगळं क्षेत्र धरलं, तर एकरी उत्पादन निम्मं दिसतं आणि कुणीतरी शहाणा म्हणतो, "यंदा कंदकुज जास्त दिसतीय." काढलं तेवढंच क्षेत्र लिहा, उभं राहिलेलं पुढच्या पानावर न्या.

क्षेत्र: हेक्टर, आर आणि गुंठे

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. ०.४० म्हणजे ४० आर, जवळपास एक एकर. ते '०.४० एकर' म्हणून उतरवलं, तर प्लॉट १६ गुंठ्यांचा होतो आणि एकरी उत्पादन अडीचपट फुगतं. आमच्या वहीत हे दोनदा झालंय, दोन्ही वेळा पोरांनी मोबाईलवर भरताना. २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी ॲपवर पिकाची नोंद, शेतकऱ्यानं स्वतः करायची असते, तिथं भरलेलं क्षेत्र आणि वहीतलं क्षेत्र जुळतं का ते बघायला पाच मिनिटं लागतात.

उसातल्या आंतरपिकाला सबंध उसाचं क्षेत्र देऊ नका. आणि उलट बाजूही बघा: दहा गुंठ्यांत कोथिंबीर काढून त्याच तिमाहीत मेथी काढली, तर जमीन दहाच गुंठे, पण काढणीचं क्षेत्र वीस. नवी द्राक्षबाग, जिच्यावर अजून माल धरलेला नाही, ती लागवडीत लिहा, काढणीत नाही.

तुलना कशाशी?

मागच्या तिमाहीशी करू नका. जानेवारी-मार्चला द्राक्षं, जुलै-सप्टेंबरला शून्य, यात घसरण कसली? फिलिपिन्समध्ये सरकार फळं, भाजी आणि कंदपिकांचे आकडे दर तिमाहीला देतं आणि तुलना आदल्या वर्षाच्या त्याच तिमाहीशी करतं. आपल्याकडं फलोत्पादनाचे अंदाज वर्षाचे निघतात, आधी आगाऊ, मग अंतिम. म्हणजे गटाला तिमाहीचा आकडा हवा असेल तर तो स्वतःच काढायचा.

तरीही गेल्या वर्षीची तीच तिमाही कधी दगा देते. रताळी उपासाचं पीक, आषाढीच्या तोंडावर उपटायची. २०२३ साली आषाढी २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला, कारण मध्ये अधिक श्रावण येऊन गेला. तेच वाफे, तेवढीच रताळी, पण एका वर्षी एप्रिल-जूनमध्ये आणि दुसऱ्या वर्षी जुलै-सप्टेंबरमध्ये. मी ती घट म्हणून लाल पेनानं अधोरेखित केली होती. शेजारी पंचांग टांगलेलं होतं.

'पहिली तिमाही' हा शब्दही वहीत नको. हिशेबनीसाची पहिली एप्रिलपासून, कॅलेंडरची जानेवारीपासून. महिन्यांची नावं लिहा.

बेणं विसरू नका

हळद-आल्याला एकरी दहा क्विंटलच्या आसपास बेणं, म्हणजे लावायचे कंद, लागतं. ते घरचंच ठेवलं असेल तर तेही त्या वर्षीचं उत्पादनच, पट्टीवर नसलं म्हणून काय झालं.

आकडा विचित्र वाटला तर

आधी माप बघा: गाडी, कॅरेट, ओलं की वाळलेलं. मग तारीख, काढणीची की विक्रीची. मग क्षेत्र. या तिन्हींत काही सापडलं नाही, तरच शेतात जा आणि करपा, कंदकुज, पाणी यांच्याकडं बघा. गेल्या महिन्यात अण्णांच्या आल्याचा आकडा परत निम्म्यावर आला, तेव्हा मी फोनवर पहिलंच विचारलं, "अण्णा, धुतलेलं तोललंय का मातीसकट?"

"धुतलेलं. आणि अर्धं रान अजून तसंच आहे."

क्षेत्राच्या रकान्यात २० गुंठे खोडून १० केले.