जाळ्यात समुद्रघोडा आला तर काय कराल

मालवणकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना मासळीत कधी बोटाएवढा समुद्रघोडा सापडला तर आधी फोटोबिटो राहू द्या, हात ओला करा आणि त्याला पाण्याच्या बादलीत ठेवा. तो शेपटीने जाळ्याचा धागा गच्च धरून बसतो, खेचू नका हां, पाण्यात जरा वेळ दिला की स्वतःच सोडतो. पोट फुगलेलं दिसलं तर तो नर असेल, पिल्लं तोच पोटातल्या पिशवीत वाढवतो, मग लगेच जिथे पकडला तिथेच सोडा. वाळवून विकायचं तर डोक्यातूनच काढा, 2001 पासून तो वाघासारखाच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्युल वनमध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. स्नॉर्केलिंगला गेलात तर प्रवाळावर उभं राहू नका, आणि बोटवाल्याला नांगर वाळूतच टाकायला सांगा.