मोठ्या खंडानंतर पुन्हा खोगिरावर: आधी मांड, मग घोडा

दहा-वीस वर्षांनी पुन्हा घोड्यावर बसणाऱ्याची अडचण नवशिक्याहून वेगळी असते. आपल्याला काही येत नाही हे नवशिक्याला ठाऊक असतं. परतणाऱ्याच्या डोक्यात मात्र सगळं शाबूत असतं: लगाम कसा धरायचा, दुडकीत कधी उठायचं, कँटरसाठी, म्हणजे दुडकीहून वेगवान चालीसाठी, पाय कुठे लावायचा. पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात ते आठवतंही. मांड्या आणि पोटाचे स्नायू मात्र तितक्या लवकर साथ देत नाहीत. कौशल्य परत आल्यासारखं आधी वाटतं, ताकद नंतर येते, आणि पडण्याचा खरा धोका या मधल्या काळात असतो. म्हणून आधी शरीर, मग दुसऱ्याचा शहाणा घोडा, मग भागीदारीतला घोडा आणि स्वतःचा घोडा सगळ्यात शेवटी, असा क्रम ठेवा.

घोड्याजवळ जाण्याआधी

सहा आठवडे आधी तयारी सुरू करा. रोज अर्धा तास भरभर चालणं, खुर्चीतून हाताचा आधार न घेता सावकाश उठणं-बसणं, पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा खाली सोडणं आणि एका पायावर तीस सेकंद स्थिर उभं राहणं, एवढं पुरतं. मांड्यांचे आतले स्नायू आणि जांघेचे सांधे रोज ताणा. खोगिरावर सगळ्यात आधी तेच आखडतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ झाल्याची शंका असेल किंवा गुडघा-खुबा बदललेला असेल, तर डॉक्टरांना “व्यायाम करू का?” असं मोघम विचारू नका. “घोड्यावरून पडलो तर काय होईल?” असं थेट विचारा. धनुर्वाताच्या लशीचा बूस्टर घेऊन दहा वर्षं झाली असतील तर तोही घ्या, कारण तबेल्यात लीद, माती आणि खरचटणं रोजचंच असतं.

वजनाचा हिशेबही आधीच करा. स्वार, कपडे आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत असावं. ४५० किलोच्या घोड्यासाठी हे साधारण ६७ ते ९० किलो होतं. घोडा म्हातारा असेल, पाठ कमकुवत असेल किंवा स्वाराचा तोल अजून डगमगता असेल तर खालचाच आकडा धरा. डगमगणारं ओझं स्थिर ओझ्यापेक्षा पाठीला जास्त त्रास देतं.

माळ्यावरचं जुनं सामान

जुनं हेल्मेट सरळ टाकून द्या. त्याच्या आतला फेस एकदाच दबून धक्का शोषण्यासाठी बनवलेला असतो. एकदा जोराने आपटलं की बाहेरून नवं दिसलं तरी ते निकामी झालेलं असतं. न आपटलेलंही उन्हाने, घामाने आणि वयाने खराब होतं, म्हणून साधारण पाच वर्षांनी बदलतात. नवं घेताना एएसटीएम एफ११६३, पास ०१५ किंवा व्हीजी१ यांपैकी एखादं मानक त्यावर आहे ना ते बघा. घातल्यावर पट्टा न लावता मान खाली घालून डोकं हलवा. हेल्मेट सरकता कामा नये.

बुटाला दोन-अडीच सेंटिमीटरची टाच आणि गुळगुळीत तळवा हवा. रिकीब बुटापेक्षा एकूण दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असावी. अरुंद रिकिबीत पाऊल अडकतं, फार रुंद रिकिबीतून ते आरपार जातं, आणि दोन्हीचा शेवट घोड्यामागे फरफटत जाण्यात होऊ शकतो.

जुन्या खोगिराला घाई करू नका. त्याची पुढची बाजू पोटाशी टेकवा आणि मागची कड दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा. किंचित लवचीकपणा चालतो. पण बैठक मधोमध दुमडली किंवा आतून कर्र आवाज आला तर सांगाडा मोडलाय असं समजा. मग पुढच्या कमानीच्या दोन बाजू एकमेकींकडे दाबून बघा. तिथे हालचाल किंवा टक्-टक् जाणवली तर खोगीर बाद. तंग (घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा) ज्या पट्ट्यांना बांधतात त्या वाकवा: चामड्याला भेगा पडत असतील, भोकं ओढून लांबट झाली असतील किंवा शिवणीचा दोरा नखाने निघत असेल तर पट्ट्या बदलल्याशिवाय बसू नका. रिकिबीचे पट्टे शेजारी टांगून मापा. चढताना सगळा भार डाव्या पट्ट्यावर येतो, त्यामुळे तो ताणून लांब झालेला असतो, आणि वाकडं बसण्याची सवय तिथूनच लागते. तेल लावून चामडं मऊ होतं, कुजलेला दोरा मात्र मजबूत होत नाही.

खोगीर चांगलं निघालं तरी ते पुढच्या घोड्याला बसेलच असं नाही. मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर, स्वार बसलेला असताना, दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे आणि खोगिराचा भार शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. फेरीनंतर खोगीर काढून घामाचे डाग बघा. सगळीकडे ओलं आणि मध्येच एक कोरडा ठिपका दिसला, तर तिथे फार दाब पडतोय. त्याच जागी पुढे पांढरे केस उगवतात.

पहिले दीड-दोन महिने

सुरुवात जमिनीवरूनच करा. पहिल्या एक-दोन वेळा फक्त घोडा धरून आणणं, खरारा करणं, खूर उचलून साफ करणं, खोगीर चढवणं. त्या तासाभरात वाकणं, ढकलणं, वेळेत बाजूला होणं हे शरीराला किती जमतंय ते कळतं.

पहिल्या तीन-चार स्वाऱ्या लंजच्या दोरीवर घ्या, म्हणजे प्रशिक्षक मधोमध उभा राहून लांब दोरीने घोड्याला गोल फिरवतो. घोड्याचा ताबा प्रशिक्षकाकडे असला की तुम्हाला फक्त मांड सांभाळायची असते. लगाम सोडून हात कमरेवर, मग खांद्याच्या रेषेत, मग रिकिबीतून पाय काढून चाल. हे कंटाळवाणं वाटेल, पण तोल गेल्यावर लगामाला लटकायची सवय दुसरं काही मोडत नाही. लगामाला लटकलात की घोड्याचं तोंड दुखतं, तो मान वर टाकतो, पाठ आखडतो, आणि ती आखडलेली पाठ तुम्हाला आणखी उसळवते.

फेरी तीस मिनिटांची ठेवा: दहा मिनिटं सैल लगामावर चाल, मग एक-दोन मिनिटांच्या दुडकीचे तुकडे, मध्ये चाल, शेवटी पुन्हा दहा मिनिटं चाल. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा दोनदा अर्धा तास बसलेलं बरं. कँटरची घाई नको. रिकिबीशिवाय पाच मिनिटं दुडकीत, लगामाला हात न लावता बसता आलं की मग बघू.

चढताना ओट्यावरून चढा. जमिनीवरून चढल्याने घोड्याचा पाठकणा पिळला जातो आणि खोगीर ओढलं जातं. तंग तीनदा तपासा: खोगीर ठेवल्यावर, चढण्याआधी आणि पाचएक मिनिटं चालल्यावर. तिसऱ्यांदा तपासायचं विसरतं, आणि खोगीर कलतं ते तेव्हाच.

जुन्या सवयींपैकी दोन हमखास परत येतात. एक म्हणजे टाच जोराने खाली दाबणं. त्याने घोटा ताठ होतो, पाय पुढे सरकतो आणि स्वार मागे पडतो. टाच दाबायची नसते, घोट्यातून भार खाली उतरू द्यायचा असतो. दुसरी म्हणजे भीती वाटली की गुडघ्यांनी आवळणं. आवळलेले गुडघे चिमट्यासारखे स्वाराला वर ढकलतात. अशा वेळी मोठ्याने आकडे मोजा. बोलताना श्वास रोखता येत नाही, आणि श्वास सुटला की मांड्याही सुटतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखणं ठीक आहे. एकाच बाजूची तीव्र कळ, कंबरेतून पायात उतरणारी कळ किंवा मुंग्या आल्या तर थांबा.

मधल्या वर्षांत काय बदललं

जंताच्या औषधाची जुनी पद्धत, म्हणजे दर सहा-आठ आठवड्यांनी औषधं आलटून पालटून देणं, आता चुकीची मानतात. त्यानेच औषधाला न जुमानणारे जंत तयार झाले. आता प्रौढ घोड्याच्या लिदीतली जंतांची अंडी मोजतात. एका ग्रॅममध्ये साधारण २०० पेक्षा कमी असतील तर तो घोडा जंत कमी पसरवणारा धरतात आणि त्याला औषधही कमी वेळा देतात. औषध दिल्यावर १४ दिवसांनी पुन्हा मोजलं की ते लागू पडलं का ते कळतं. काही जंत आतड्याच्या भिंतीत दडून बसतात आणि मोजणीत दिसत नाहीत, म्हणून वर्षाचं वेळापत्रक पशुवैद्याकडूनच आखून घ्या.

कमी मात्रेनेही जंत निर्ढावतात, त्यामुळे वजनाचा अंदाज नीट हवा. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा आणि त्याचा वर्ग करा. त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १८० आणि लांबी १६० असेल तर वजन साधारण ४३६ किलो. सोबत हेनेकेची १ (अगदी हाडकुळा) ते ९ (फार लठ्ठ) ही अंगस्थितीची मोजणी शिका. बरगड्या दिसत नाहीत, पण हात फिरवला की सहज लागतात, म्हणजे ५. पूर्वी “गुबगुबीत म्हणजे सुदृढ” असं मानायचे. आज लठ्ठ घोड्यात इन्सुलिनची गडबड आणि त्यातून खुराचा दाह होतो हे पक्कं माहीत आहे.

वागणुकीकडे बघण्याची दृष्टीही बदलली, आणि आमच्या मते हा सगळ्यात चांगला बदल आहे. पशुवैद्य स्यू डायसन यांनी २०१८ मध्ये स्वारीच्या वेळी दिसणाऱ्या २४ खुणांची यादी प्रसिद्ध केली: कान बराच वेळ मागे, शेपटीचे फटकारे, तोंड उघडं, वारंवार ठेचकाळणं, चाल आपोआप बदलणं वगैरे. आठ किंवा त्याहून जास्त खुणा दिसल्या तर दुखणं असण्याची शक्यता मोठी. म्हणून “हट्टी घोडा” हा शब्द वापरण्याआधी पाठ, दात, खूर आणि खोगीर तपासून घ्या.

घोडा घेण्याआधी

निदान सहा महिने कुणाचा तरी घोडा अर्ध्या भागीदारीत चालवा, आणि त्यात पावसाळी किंवा थंडीचा, चिखलाचा, वैतागाचा काळ येऊ द्या. घोडा आवडतो हे आधीच माहीत असतं. कळायला हवं ते हे की पहाटे, आजारपणात आणि कामाच्या गर्दीत तुम्ही त्याच्यासाठी उभे राहू शकता का.

वय १० ते १६, खच्ची केलेला, भरपूर अनुभवी घोडा शोधा. कोवळा घोडा आणि खंडानंतरचा स्वार ही जोडी दोघांनाही घाबरवते. बघायला जाल तेव्हा घोड्यावर आधीच खोगीर घातलेलं नको, आणि तो घामेजलेलाही नको. त्याला पकडणं, बांधणं, खूर उचलणं, खोगीर चढवणं तुमच्यासमोर होऊ द्या. आधी मालकाने बसावं, मग तुम्ही. कडक जमिनीवर सरळ दुडकी बघा: पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर जातं. दुसऱ्यांदा वेगळ्या वेळी जा. मग स्वतःच्या पशुवैद्याकडून, म्हणजे विकणाऱ्याच्या नव्हे, तपासणी करून घ्या आणि रक्ताचा नमुना राखून ठेवायला सांगा. वेदनाशामक देऊन लंगडणं लपवलं असेल तर ते त्यात सापडू शकतं.

खर्च मांडताना घोड्याची किंमत ही सुरुवात समजा. घोडे २५-३० वर्षं जगतात, त्यामुळे स्वारी थांबल्यानंतरची वर्षंही हिशेबात धरा. पोटशूळाची शस्त्रक्रिया करायची की नाही, किती खर्चापर्यंत, हे शांत डोक्याने ठरवून लिहून ठेवा. मध्यरात्री तबेल्यात उभं राहून तो निर्णय नीट होत नाही.

घोडा घरी आल्यावर

पहिले तीन आठवडे त्याला इतर घोड्यांपासून वेगळा ठेवा, पण एखादा घोडा नजरेसमोर असू द्या. एकटेपणाने घोडा खचतो. आधीच्या मालकाकडचं थोडं गवत आणि चंदी सोबत आणा आणि दहा-चौदा दिवसांत हळूहळू नव्यावर न्या.

रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण द्या. ५०० किलोला साडेसात ते दहा किलो. चार-सहा तासांपेक्षा जास्त वेळ पोट रिकामं राहू देऊ नका. घोड्याच्या जठरात आम्ल सतत झरतं, आणि ते सौम्य करणारी लाळ चघळतानाच सुटते. चंदी एका वेळी दोन किलोच्या आत ठेवा. जास्तीचा स्टार्च न पचता मोठ्या आतड्यात गेला की तिथले जंतू मरतात, विष रक्तात उतरतं आणि पोटशूळ किंवा खुराचा दाह होतो. नवा घोडा दोन-तीन आठवड्यांनी अचानक “बिघडला” असं अनेकांना वाटतं. बहुतेक वेळा चंदी वाढलेली असते आणि काम कमी झालेलं असतं.

घोडा निरोगी असतानाच त्याच्या नेहमीच्या खुणा टिपून ठेवा: नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, शरीराचं तापमान साधारण ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे, आतल्या आणि बाहेरच्या बाजूला बोटाची टोकं हलकेच ठेवा. तिथली नाडी निरोगी घोड्यात जेमतेम लागते. ती ठोके देत असेल आणि खूरही गरम लागत असेल, तर घोड्याला चालवू नका, मऊ जमिनीवर उभा करा आणि पशुवैद्याला बोलवा.

पोटाकडे वळून बघणं, पाय आपटणं, लोळणं, लीद बंद होणं ही पोटशूळाची लक्षणं. नाडी ६० च्या वर असेल तर एक मिनिटही थांबू नका. वैरण काढून घ्या, शेवटची लीद कधी पडली आणि नाडी किती ते लिहा, आणि विचारल्याशिवाय वेदनाशामक देऊ नका, कारण त्याने लक्षणं झाकली जातात. शांत पडून असेल तर पडू द्या. जोरात लोळत असेल आणि तुम्हाला धोका नसेल तरच उठवून सावकाश चालवा. नाहीतर पायांच्या टप्प्याबाहेर उभे राहा.