हाय-फाय प्रोटोटाइप करताना या चुका टाळा

कागदावर पेन्सिलीने काढलेला स्क्रीन दाखवला की समोरचा बिनधास्त सांगतो, "हे बटण इथं नको." तोच स्क्रीन हाय-फाय प्रोटोटाइप (खऱ्या ॲपसारखा दिसणारा नमुना) म्हणून रंग, फोटो, अ‍ॅनिमेशनसकट फोनवर दिला की त्याला वाटतं ॲप तयारच झालंय. मग तो फार तर निळा रंग जरा गडद करा म्हणतो. त्यामुळे कोणत्या स्क्रीननंतर कोणता, हेच ठरलं नसेल तर हाय-फायला हात घालू नका. ठरलं असेल, तरी बिघडायच्या जागा बऱ्याच आहेत. उदाहरणाला एसटीच्या तिकीट आरक्षणाचं ॲप घेऊ आणि टूल म्हणून फिग्मा, म्हणजे स्क्रीन काढून एकमेकांना जोडायचं सॉफ्टवेअर.

खोटा डेटा, खोटा हिशेब

लोकांच्या हातात प्रोटोटाइप देऊन घेतलेल्या टेस्ट सगळ्यात जास्त इथे वाया जातात. प्रवासी तीन: एक पुरुष, एक महिला आणि ७७ वर्षांच्या आजी. पूर्ण भाडं ३४० रुपये धरू. एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं. म्हणजे आरक्षण आकार सोडून ३४० + १७० + ० = ५१० रुपये. डिझायनरने एकच ओळ तीनदा कॉपी केलेली असते, म्हणून स्क्रीनवर दिसतात १,०२०. तुम्हाला तपासायचं असतं पैसे भरायचं बटण सापडतं का, समोरची बाई मात्र "माझी सवलत कुठे गेली?" म्हणून तिथेच थांबते. चूक तिची नाही.

फ्रेम (फिग्मातला एकेक स्क्रीन) काढण्याआधी एका शीटमध्ये प्रवाशांची नावं, वयं, आसन क्रमांक, तारीख, वार आणि रक्कम लिहून घ्या आणि प्रत्येक स्क्रीनवर तेच वापरा. एक नाव मुद्दाम लांबलचक ठेवा. 'राम पाटील' कुठल्याही चौकटीत बसतो, 'ज्ञानेश्वर पुरुषोत्तम कुलकर्णी' बसतो का ते बघा.

आसनं निवडताना फ्रेमचा डोंगर

प्रत्येक निवडीसाठी वेगळी फ्रेम करायला गेलात तर दहाच आसनांच्या १,०२४ वेगवेगळ्या निवडी होतात. त्याऐवजी आसनाचा एक कंपोनंट (पुन्हा पुन्हा वापरता येणारा साचा) करा आणि त्याला तीन व्हेरिएंट, म्हणजे तीन रूपं, द्या: रिकामं, निवडलेलं, आरक्षित. पहिल्या दोघांत 'चेंज टू' जोडा, म्हणजे दाबल्यावर एकाचं दुसरं होतं. एकूण रक्कम बदलती हवी असेल तर नंबर व्हेरिएबल (आकडा साठवणारी जागा) घ्या आणि निवडताना त्यात भाडं मिळवा. निवड रद्द केल्यावर ते वजा करायला लोक हमखास विसरतात. मग रक्कम फक्त वाढतच जाते.

आसनाचा आकारही बघा. मॉनिटरवर माउसने २८ × २८ चा चौकोन सहज दाबता येतो, फोनवर अंगठा शेजारच्या आसनावर पडतो. अँड्रॉइडची शिफारस ४८ × ४८ डीपीची (डीपी हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) आहे. ३६० रुंदीच्या फ्रेममध्ये चार आसनांचे १९२, मधल्या वाटेचे ४८ आणि फटींचे १६ धरले तरी २५६ च होतात. जागा असते, फक्त मोजलेली नसते.

अ‍ॅनिमेशन सरकण्याऐवजी विरतं

दोन फ्रेममधला बदल आपोआप हलता दाखवणारं फिग्मातलं स्मार्ट अ‍ॅनिमेट लेयरचं (फ्रेममधल्या एकेका घटकाचं) नाव आणि त्याची उतरंडीतली जागा जुळवून चालतं. पहिल्या फ्रेममध्ये 'बस कार्ड' आणि दुसरीत 'फ्रेम ४२७' असेल, तर कार्ड सरकत नाही, एक विरून दुसरं उगवतं. दुसरी फ्रेम नव्याने काढू नका. पहिलीच डुप्लिकेट करून तीत बदल करा.

तळाचं 'पुढे जा' बटण स्क्रोलबरोबर वर पळत असेल तर ते बहुधा एखाद्या ग्रुपमध्ये अडकलेलं असतं. ते बाहेर काढून थेट स्क्रोल होणाऱ्या फ्रेममध्ये ठेवा आणि मग पोझिशन 'फिक्स्ड' करा. मागे जायच्या बाणाला ठरावीक स्क्रीनवर नेणारं 'नॅव्हिगेट टू' लावू नका, आधीच्या स्क्रीनवर नेणारं 'बॅक' लावा. नाहीतर दोन वाटांनी येता येणाऱ्या स्क्रीनवरून माणूस भलतीकडेच परततो.

मराठी मजकूर कापला जातो

इंटर किंवा रोबोटो या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. त्यात मराठी टाकलं की दुसराच फॉन्ट येऊन बसतो आणि ओळींची उंची बिघडते. 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हा फॉन्ट आधीच निवडा. १६ च्या अक्षराला ओळीची उंची २४ ते २६ ठेवा; १९ ठेवली तर 'सर्वांत' मधला रफार आणि अनुस्वार वरच्या ओळीच्या उकारांना भिडतात.

सगळं सुरळीत, सगळं क्षणात

पैसे भरल्यावर पुढच्याच क्षणी तिकीट येतं, असं फक्त प्रोटोटाइपमध्ये होतं. मध्ये थांबण्याचा स्क्रीन ठेवा आणि 'आफ्टर डिले' (इतक्या वेळाने आपोआप पुढे जा) ३००० मिलिसेकंद द्या. खात्यातून पैसे गेले, तिकीट आलं नाही, हा स्क्रीनही करा. खरी घालमेल तिथेच होते, आणि नेमका तोच बहुतेक प्रोटोटाइपमध्ये नसतो.

नाव टाइप करायच्या चौकटीत बोट लावताच नाव आपोआप भरलं की लोक गोंधळतात. टाइप करतानाचा त्रासच तपासायचा असेल तर प्रोटोपाय किंवा अ‍ॅक्शर ही टूल घ्या, त्यांत खरी इनपुट चौकट मिळते.

टेस्टच्या आधी हॉटस्पॉट हिंट, म्हणजे कुठे दाबायचं ते दाखवणाऱ्या खुणा, बंद करा. चालू राहिल्या तर चुकीच्या जागी दाबताच बरोबर जागा निळ्या चौकटीत चमकते, आणि तिसऱ्या स्क्रीनपासून माणूस विचार न करता कुठेही दाबून निळं शोधू लागतो.