नागपूरहून विमान धरायचं तर घड्याळ उलटं मोजा

तिकीट काढताना मोबाइलवर दिसतं, नागपूर ते मुंबई दीड तास. त्या दीड तासाच्या भरवशावर गावातून निघू नका. सरळ रेषेत अंतर ६८० किलोमीटरच्या आसपास आणि वर गेल्यावर जेट विमान ताशी ८०० च्या घरात पळतं, म्हणजे भागाकार केला तर तासही भरत नाही. तिकिटावर मात्र धावपट्टीपर्यंतचं सरकणं, चढणं, उतरणं, मुंबईवर गर्दी असली तर घिरट्या, सगळं धरलेलं असतं. ते वैमानिक पाहून घेईल. आपण पाहायचं ते काउंटर, म्हणजे जिथं बॅग देऊन बोर्डिंग पास घेतात ते.

काउंटर विमान सुटायच्या एक तास आधी बंद होतं. ८.३० चं विमान म्हणजे सामान ७.३० पर्यंतच घेतात. ७.३५ ला पोचलात तर हात जोडा, रडा, कोणी ऐकत नाही बापा. मोबाइलवर चेक-इन केलंय म्हणून निवांत राहू नका. मोठी बॅग असली तर काउंटर तेच आणि वेळही तीच.

म्हणून मोजणी ७.३० पासून मागे. यवतमाळकडच्या आर्णीहून कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी असं यायला चार तास. पंक्चर, चहा आणि बुटीबोरीच्या ट्रकांसाठी आणखी एक. काउंटरवर एक तास हाताशी हवा. म्हणजे रात्री दीडला निघायचं. पावसाळ्यात गावचा नाला पुलावरून वाहत असेल तर आदल्या दिवशीच नागपुरात मुक्काम करा, उगाच शहाणपणा नको. एसटीने येणार असाल तर गणेशपेठ स्टँडपर्यंत जाऊच नका; सोनेगावचा विमानतळ वर्धा रोडवर, शहराच्या अलीकडेच लागतो. कंडक्टरला आधी सांगून ठेवा, उतरा, ऑटो करा. अमरावतीकडच्यांना एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहूनही मुंबईचं विमान आहे, पण कोणत्या वारी आहे ते बघून घ्या. आणि खरं सांगू? धामणगाव किंवा बडनेऱ्याहून रात्री विदर्भ एक्सप्रेसमध्ये झोपून गेलं तर घरापासून घरापर्यंतचा हिशेब फार लांब पडत नाही.

आधार तर घ्यालच. तिकिटावरचं नाव त्याच्याशी जुळतं का ते पाहा. वजन बहुतेक ठिकाणी मोठ्या बॅगेत १५ किलो, हातात ७. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत, पॉवर बँक हातातल्या पिशवीत, याच्या उलट नाही. काडीपेटी घरीच.

तपासणीला पट्टा, नाणी, मोबाइल ट्रेमध्ये. गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद. मुंबईत दोन टर्मिनल आहेत, आपलं कोणतं ते घ्यायला येणाऱ्याला आधी कळवा. परतीलाही हेच सगळं, वर मुंबईची ट्रॅफिक. काउंटर तिथंही एक तास आधीच बंद होतं.